मोठ्या आतड्याचा कर्करोग : पेशींतील प्रथिनांचे पहिले बदल आणि सीमाभागातील आरोग्यसेवा

(बिदर व कलबुर्गी जिल्ह्यांच्या सीमावर्ती तालुक्यांतील आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी तयार केलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



औराद, भालकी, बसवकल्याण, हुमनाबाद आणि आळंद या तालुक्यांत शौचावाटे रक्त पडू लागलेला मनुष्य आपल्या विकाराला बहुधा तीनपैकी एका नावाने ओळखतो. मराठी घरात ती मूळव्याध असते, कन्नड घरात मूलव्याधि असते आणि दखनी उर्दू बोलणाऱ्या घरात बवासीर असते. नावे तीन असली तरी निदान एकच, आणि तेही पुष्कळदा कोणी तपासण्यापूर्वीच झालेले असते. हे निदान बहुतेक वेळा बरोबर ठरते, कारण मूळव्याध हा खरोखरच सर्वसामान्य विकार आहे. परंतु ज्या थोड्या रुग्णांच्या बाबतीत ते चुकते, त्यांच्यापैकी काहींना मोठ्या आतड्याचा किंवा गुदाशयाचा कर्करोग असतो. आणि मलमे, चूर्णे व पथ्य यांत गेलेले महिने त्यांना परत मिळत नाहीत.

हा कर्करोग एकाएकी उद्भवत नाही. आतड्याच्या अस्तरातील पेशींत होणाऱ्या पहिल्या बदलापासून खऱ्या कर्करोगापर्यंतचा प्रवास सामान्यतः दहा वर्षांच्या आसपास चालतो. या दीर्घ काळात पेशींतील प्रथिने एकामागून एक बिघडत जातात. ती कोणती, त्यांच्या बिघाडाने काय घडते आणि त्यातून रोग वेळेवर ओळखण्याचा मार्ग कसा सापडतो, याचा विचार या व्याख्यानात करावयाचा आहे.

अस्तराची घडण

मोठ्या आतड्याचे आतील अस्तर वरून सपाट दिसले, तरी सूक्ष्मदर्शकाखाली ते असंख्य खोलगट नळ्यांनी भरलेले आढळते. या नळ्यांना गर्तिका म्हणतात. त्यांची संख्या सुमारे एक कोटी असून, प्रत्येक गर्तिका तोंड वर करून उभ्या ठेवलेल्या परीक्षानळीसारखी असते आणि तिच्यात अदमासे दोन हजार पेशी असतात. तळाशी मूळपेशी असतात. त्यांच्या विभाजनाने निर्माण झालेल्या नव्या पेशी हळूहळू वर सरकतात. सरकताना विभाजन थांबवून आपापले काम स्वीकारतात. काही पाणी शोषतात, काही श्लेष्मा स्रवतात. चार-पाच दिवसांत त्या गर्तिकेच्या तोंडाशी पोहोचतात आणि गळून मलाबरोबर बाहेर पडतात. सतत मलाच्या व जंतूंच्या सान्निध्यात असणाऱ्या या अस्तराला अशी नित्य नवी भरती आवश्यक असते.

तळाशी वाढ आणि वर परिपक्वता ही शिस्त प्रथिनांमुळे राखली जाते. तळाच्या पेशींत वाढीस उत्तेजन देणारी प्रथिने कार्यरत असतात, तर वरच्या पेशींत श्लेष्मा बनविणारी व पेशींना परस्परांशी जखडून ठेवणारी प्रथिने ठळकपणे आढळतात. विभाजन पावणाऱ्या पेशींत 'की-६७' नावाचे एक प्रथिन असते. जर्मनीतील कील येथील संशोधकांनी त्याला ओळखणारे प्रतिपिंड १९८३ मध्ये प्रसिद्ध केले. या प्रतिपिंडाने ऊतीचा काप रंगविला असता, निरोगी गर्तिकेत रंग केवळ खालच्या भागात दिसतो. तो पृष्ठभागापर्यंत चढलेला दिसला, तर पेशींनी विभाजन थांबविलेले नाही असे समजावे. रोगाच्या अगदी आरंभीच्या खुणांपैकी ही एक होय.

पहिला बिघाड

ही शिस्त मोडण्याचा आरंभ बहुसंख्य रुग्णांत 'ए.पी.सी.' या प्रथिनापासून होतो. या प्रथिनाचा जनुक १९९१ मध्ये, आतड्यात शेकडो मांसांकुर निर्माण करणाऱ्या एका आनुवंशिक विकाराच्या अभ्यासातून सापडला. पुढे असे दिसून आले की, आनुवंशिकतेचा काहीही संबंध नसलेल्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगांतही सुमारे ८० टक्के रुग्णांच्या गाठीत हाच जनुक बिघडलेला असतो. बिघडलेल्या जनुकापासून बनणारे प्रथिन अपुरे, मध्येच तुटलेले असते.

ए.पी.सी. प्रथिनाचे मुख्य काम म्हणजे 'बीटा-कॅटेनिन' या दुसऱ्या प्रथिनाचा साठा मर्यादेत ठेवणे. या दोहोंचा परस्परसंबंध १९९३ मध्ये स्पष्ट झाला. निरोगी पेशीत बीटा-कॅटेनिन मुख्यतः पेशीच्या कडेला असते आणि 'ई-कॅड्हेरिन' या प्रथिनाच्या साहाय्याने शेजारच्या पेशींना धरून ठेवण्यास मदत करते. जे जादा निर्माण होते, ते ए.पी.सी. व त्याची सहकारी प्रथिने वेचून नष्ट करवितात. ए.पी.सी. तुटले म्हणजे हा निचरा बंद पडतो. साचलेले बीटा-कॅटेनिन पेशीकेंद्रात शिरते आणि विभाजनास चालना देणारे जनुक जागे करते. तळाच्या मूळपेशींना जी आज्ञा थोडा वेळ मिळावयाची, ती आता वरच्या पेशींनाही अखंड मिळत राहते. गळून पडावयाच्या पेशी गळत नाहीत, साठत जातात आणि अस्तरावर एक लहानसा उंचवटा तयार होतो. यालाच ग्रंथ्यर्बुद म्हणतात. व्यवहारात त्याला मांसांकुर किंवा पॉलिप असे संबोधण्यात येते. या अवस्थेत रुग्णास काहीही जाणवत नाही.

पुढील टप्पे

मांसांकुर म्हणजे कर्करोग नव्हे. बहुतेक मांसांकुर आयुष्यभर तसेच राहतात. थोड्यांतच आणखी बिघाडांची भर पडते. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील फिअरन आणि व्होगेलस्टाइन यांनी १९९० मध्ये या बिघाडांची साखळी मांडली आणि आजही तीच या विषयाच्या विवेचनाचा पाया समजली जाते.

या साखळीत 'के-रास' हे प्रथिन महत्त्वाचे आहे. ते विजेच्या बटनासारखे चालू व बंद होते. त्याच्या रचनेतील एकच घटक बदलला, तर बटन चालू स्थितीत अडकून बसते आणि बाहेरून आज्ञा नसतानाही पेशी वाढत राहते. सुमारे ४० टक्के रुग्णांच्या गाठीत हा बदल सापडतो. त्याचबरोबर 'कॉक्स-२' हे दाह निर्माण करणारे प्रथिन वाढू लागते. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ते बहुसंख्य कर्करोगांत आणि जवळजवळ निम्म्या मांसांकुरांतही वाढलेले आढळले. शेजारच्या निरोगी अस्तरात मात्र तसे आढळले नाही. वाढीला लगाम घालणारे 'स्मॅड-४' हे प्रथिन पुढील अवस्थेत काही गाठींतून नाहीसे होते. शेवटी 'पी-५३' या प्रथिनाची पाळी येते. जनुकांस इजा झालेल्या पेशीला थांबविणे किंवा तिचा नाश घडविणे हे त्याचे काम. ते निकामी झाले की सदोष पेशींना कोणताच अटकाव उरत नाही, आणि त्या अस्तराखालच्या थरांत शिरतात. येथून पुढे त्या विकाराला कर्करोग म्हणावयाचे.

बिघाड केवळ गाठीपुरताच असतो असेही नाही. गाठीपासून काही सेंटिमीटर अंतरावरील, डोळ्यांना निरोगी दिसणाऱ्या गर्तिकांतही जनुकांची दुरुस्ती करणारी 'पी.एम.एस.-२' व 'ई.आर.सी.सी.-१' यांसारखी प्रथिने कमी झालेली संशोधकांना आढळली आहेत. यावरून असे अनुमान निघते की, अस्तराचा एक विस्तृत पट्टा आधी दुबळा होतो आणि त्यातील एखाद्या ठिकाणी गाठ उगवते. एक मांसांकुर काढलेल्या व्यक्तीची पुढेही ठरावीक कालांतराने तपासणी का करावी लागते, याचे एक कारण यात सापडते.

रक्तातील प्रथिनाची मर्यादा

एवढी प्रथिने बदलतात, तर रक्ताच्या एका तपासणीने रोग का ओळखू नये, असा प्रश्न साहजिकच विचारला जातो. १९६५ मध्ये कॅनडातील माँट्रियल येथील गोल्ड आणि फ्रीडमन यांनी मोठ्या आतड्याच्या गाठीतून 'सी.ई.ए.' हे प्रथिन वेगळे केले, तेव्हा अशीच आशा उत्पन्न झाली होती. परंतु निरोगी आतड्यातही हे प्रथिन थोड्या प्रमाणात तयार होते आणि पोकळीच्या बाजूने मलात मिसळून जाते. पेशींची रचना विस्कटून गाठ वाढल्यावरच ते रक्तात लक्षणीय प्रमाणात उतरते. त्यामुळे आरंभीच्या अवस्थेत रक्तातील प्रमाण पुष्कळदा स्वाभाविक असते. उलट धूम्रपान करणाऱ्यांत किंवा यकृताच्या विकारांत ते कर्करोगावाचूनही वाढते. शस्त्रक्रियेनंतर रोग उलटतो की काय, हे पाहण्यास ही तपासणी उपयुक्त आहे; रोग शोधून काढण्यास नाही. 'रक्ताचा रिपोर्ट चांगला आहे' एवढ्यावर रक्तस्रावाच्या रुग्णास घरी पाठविणे म्हणूनच धोक्याचे होय.

मलातील प्रथिन

आरंभीच्या रोगाचा माग घेणारे साधे प्रथिन निराळेच आहे, आणि ते म्हणजे रक्तातील हिमोग्लोबिनचा ग्लोबिन हा अंश. मोठा मांसांकुर किंवा आरंभीचा कर्करोग यांच्या पृष्ठभागावरून डोळ्यांना न दिसणारे रक्त अधूनमधून झिरपते. जुन्या पद्धतीत ग्वायॅक नावाच्या झाडाच्या डिंकाचा उपयोग करून हे रक्त शोधीत. अमेरिकेतील मिनेसोटा येथे ५० ते ८० वर्षे वयाच्या ४६ हजारांहून अधिक व्यक्तींवर झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. दरवर्षी अशी तपासणी करून संशयितांची दुर्बिणीने पाहणी केल्यास या कर्करोगाने होणारे मृत्यू १३ वर्षांत ३३ टक्क्यांनी घटतात, असे त्यातून दिसून आले. त्याच वर्षी दुसऱ्या एका अमेरिकन अभ्यासात, दुर्बिणीतून मांसांकुर काढून टाकल्यास पुढे कर्करोग होण्याचे प्रमाण अपेक्षेपेक्षा ७६ ते ९० टक्क्यांनी कमी होते असे आढळले. रोग होण्यापूर्वीच तो खुडता येतो, असे कर्करोगाच्या बाबतीत फार थोड्या ठिकाणी म्हणता येते.

नव्या पद्धतीत मानवी ग्लोबिनला चिकटणारी प्रतिपिंडे वापरतात. आहारातील मांसाचा किंवा भाजीपाल्याचा तिच्यावर परिणाम होत नाही. जठरातून वा लहान आतड्यातून आलेल्या रक्तातील ग्लोबिन वाटेतच पचून जाते. त्यामुळे ही तपासणी मुख्यतः मोठ्या आतड्यातील रक्तस्राव दाखविते. मात्र ग्लोबिन उष्णतेने लवकर नासते. उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जाणाऱ्या कलबुर्गी जिल्ह्यात नमुना दिवसभर दुचाकीच्या डिकीत राहिला, तर रक्त असूनही ते नाही असा निष्कर्ष निघू शकतो. नमुना लसीप्रमाणे थंड पेटीतून नेणे आणि त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोहोचविणे, एवढी दक्षता अवश्य बाळगावी.

मलात रक्त सापडले म्हणजे कर्करोग झाला असे नव्हे. मूळव्याध, भगेंद्र आणि आव यांतही ते सापडते. या तपासणीने फक्त पुढील पाहणी कोणाची करावी हे ठरते. तसेच, ज्याच्या शौचात डोळ्यांना दिसणारे रक्त पडते, त्याला या तपासणीची गरज नाही. त्याची प्रत्यक्ष पाहणीच व्हावयास हवी.

या भागात रोग किती ?

मराठवाडा व सोलापूरचा ग्रामीण पट्टा आणि त्याला लागून असलेले बिदर-कलबुर्गीचे तालुके यांचे शेतीमान व आहार पुष्कळ अंशी सारखे आहेत. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी चालू आहे. तेथील नोंदींवरून ग्रामीण भागात मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे प्रमाण मुंबईपेक्षा व पाश्चात्त्य देशांपेक्षा पुष्कळच कमी असल्याचे दिसते. डेनिस बर्किट या शल्यवैद्याने १९७१ मध्ये आफ्रिकेतील ग्रामीण लोकांविषयी असेच निरीक्षण मांडले आणि त्याचे श्रेय कोंडायुक्त अन्नाला दिले. ज्वारीची भाकरी आणि तुरीचे वरण यांतील न पचणारा अंश मोठ्या आतड्यातील जंतू आंबवितात. त्यातून तयार होणारे ब्युटिरेट हे आम्ल अस्तराच्या पेशींचे मुख्य इंधन असून, पेशींच्या परिपक्वतेस ते साहाय्यक ठरते. तथापि कोंडा हा रामबाण उपाय आहे असे समजू नये. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांत केवळ आहारात कोंडा वाढविल्याने नवे मांसांकुर उगवण्याचे थांबले नाही. भाकरी, डाळ व पालेभाजी यांचा आहार टिकवावा, दारू व तंबाखू वर्ज्य करावी, शरीरश्रम चालू ठेवावेत, एवढे मात्र निःशंकपणे सांगता येते.

रोग कमी आढळतो ही समाधानाची गोष्ट खरी; परंतु तीच धोक्याचीही आहे. जो रोग क्वचित दिसतो, त्याची शंका कोणी घेत नाही. मुंबईच्या टाटा रुग्णालयात २०१३-१४ या वर्षात नोंदलेल्या सुमारे ८०० रुग्णांच्या पाहणीत सरासरी वय अवघे ४७ वर्षे आढळले आणि गुदाशयाच्या कर्करोगाचा वाटा मोठा होता. पाश्चात्त्य देशांत हा उतारवयातील रोग समजला जातो. येथे तो कर्त्या माणसाला गाठतो. मूळव्याधीचे वय आणि या रोगाचे वय येथे एकच आहे. २०१० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमानुसार ३० वर्षांवरील व्यक्तींची जी तपासणी होते, ती तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांच्या कर्करोगाची. मोठ्या आतड्याचा त्यात समावेश नाही. म्हणून या रोगाबाबत सारी भिस्त प्राथमिक आरोग्य केंद्रातील जागरूकतेवरच राहते.

कुटुंबाची वंशावळ

काही कुटुंबांत हा रोग पिढ्यान्‌पिढ्या आढळतो. जनुकांच्या नकलेत राहिलेल्या चुका दुरुस्त करणारी चार प्रथिने महत्त्वाची आहेत : एम.एल.एच.-१, एम.एस.एच.-२, एम.एस.एच.-६ आणि पी.एम.एस.-२. यांपैकी एखाद्याचा जनुक जन्मतःच सदोष असला, तर मोठ्या आतड्याचा व गर्भाशयाचा कर्करोग तरुण वयात होण्याचा संभव पुष्कळ वाढतो. अमेरिकेतील डॉ. हेन्री लिंच यांनी १९६६ पासून अशा कुटुंबांचा अभ्यास केला. त्यांच्या नावाने हा विकार ओळखला जातो. गाठीच्या कापावर ही चार प्रथिने रंगवून पाहिली आणि एखादे दिसले नाही, तर या विकाराची शंका घ्यावी. अशा कुटुंबातील दोषवाहक व्यक्तींची दुर्बीण तपासणी सामान्यतः २० ते २५ व्या वर्षांपासूनच, एक-दोन वर्षांच्या अंतराने करावी लागते.

सीमाभागात या कामी एक विशेष अडचण येते. भालकीच्या मुली उदगीरला दिल्या जातात, आळंदच्या अक्कलकोटला. उमरग्याच्या बसवकल्याणात येतात. वडिलांचा उपचार कलबुर्गीस, आत्याचा लातुरास आणि चुलत्याचा सोलापुरास झालेला असतो. एका केंद्राच्या नोंदवहीत त्या घरातील एकच रुग्ण दिसतो. तीन रुग्ण एकाच वंशावळीत आहेत हे कोणाच्याच ध्यानी येत नाही. म्हणून इतिहास विचारताना 'घरात कोणाला ?' एवढ्यावर न थांबता, माहेर, सासर, आत्या, मावशी, मामा असे एकेक नाते घेऊन विचारावे. गर्भाशयाचा कर्करोग झालेल्या स्त्रीचीही नोंद त्यात यावी.

कर्मचाऱ्यांनी करावयाची कामे

पहिले काम तपासणीचे. शौचातून रक्त पडणाऱ्या प्रत्येक प्रौढ रुग्णाची गुदमार्गातून बोटाने तपासणी वैद्यकीय अधिकाऱ्याने करावी. तीस हातमोजा व थोडे वंगण यांपलीकडे साहित्य लागत नाही. गुदाशयातील पुष्कळ गाठी बोटाला लागतात. स्त्री रुग्णासमवेत परिचारिकेने उभे राहावे आणि तपासणीचे कारण तिच्याच भाषेत समजावून सांगावे. नुसत्या लाजेपोटी राहून गेलेली ही तपासणी पुष्कळांना महागात पडते.

दुसरे काम धोक्याची लक्षणे ओळखण्याचे. मलात मिसळलेले रक्त, शौचाच्या सवयीत तीन आठवड्यांहून अधिक काळ टिकलेला बदल, शौचास होऊनही पोट साफ न झाल्याची भावना, अकारण घटलेले वजन, पोटात लागणारी गाठ, ही ती लक्षणे होत. पुरुषात किंवा पाळी गेलेल्या स्त्रीत आढळलेला रक्तक्षय लोहाच्या गोळ्या देऊन मिटवू नये. उजव्या बाजूच्या आतड्यातील गाठ पुष्कळदा रक्तक्षयाच्याच रूपाने प्रथम प्रकट होते. ज्याच्या आई-वडिलांस वा भावंडास हा रोग झाला, त्याची तपासणी ४० व्या वर्षी, किंवा त्या नातलगाच्या वयाच्या दहा वर्षे आधी, यांपैकी जे लवकर येईल तेव्हा सुरू करावी.

तिसरे काम कागदपत्रांचे. प्रथिनांची तपासणी करावयाची तर काढलेला तुकडा नीट राखला जावा लागतो. तो योग्य त्या फॉर्मॅलिनमध्ये तत्काळ बुडवावा. नुसत्या पाण्यात किंवा सलाइनमध्ये पाठवू नये. प्रयोगशाळेत तयार झालेली मेणाची वडी वर्षानुवर्षे टिकते आणि तिच्यावरून पुढे कधीही तपासणी करता येते. रुग्ण राज्याची सीमा ओलांडून दुसऱ्या रुग्णालयात जात असेल, तर ही वडी व काचपट्ट्या त्याच्याबरोबर द्याव्यात. त्या नसल्या म्हणजे तुकडा पुन्हा काढावा लागतो आणि आठवडे वाया जातात. संदर्भपत्र रोगाच्या शास्त्रीय नावासह लिहावे. केवळ कन्नडात किंवा केवळ मराठीत लिहिलेले पत्र पलीकडच्या कारकुनाला वाचता येत नाही.

चौथे काम मार्गदर्शनाचे. बंगळूरच्या किदवई संस्थेचे केंद्र कलबुर्गी येथे आहे, आणि बार्शीला नर्गिस दत्त स्मारक रुग्णालय आहे. २०१८ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेच्या लाभार्थ्यांना परराज्यातील संलग्न रुग्णालयांतही उपचार घेण्याची तरतूद आहे. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये ८६५ सीमागावांतील रहिवाशांसाठी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय घेतला. आपल्या रुग्णास कोणती योजना लागू पडते आणि कोणते कागद लागतात, याची चौकशी आरोग्य कर्मचाऱ्याने तो घरून निघण्यापूर्वीच करावी. शंभर मैलांवर जाऊन शिधापत्रिकेवाचून परत आलेला रुग्ण पुन्हा जाईलच याची शाश्वती नसते.

ए.पी.सी. प्रथिन ज्या दिवशी तुटते, तो दिवस कोणाच्याही ध्यानात येत नाही, आणि सीमाभागातील कोणत्याही आरोग्य केंद्राकडून तशी अपेक्षाही नाही. परंतु त्यानंतरची आठ-दहा वर्षे हाती असतात. त्या मुदतीत रक्ताचा एखादा थेंब पडतो, थोडा अशक्तपणा येतो, एखाद्या आत्याच्या आजाराचा उल्लेख निघतो. हे ऐकून घेणारा पहिला माणूस बहुधा उपकेंद्रातील परिचारिका किंवा आशा कार्यकर्तीच असते. तिने त्याची नोंद केली, रुग्णास वैद्यकीय अधिकाऱ्याकडे नेले आणि पुढची तपासणी होईपर्यंत पाठपुरावा सोडला नाही, तर मूळव्याधीच्या नावाखाली दडलेला हा रोग या तालुक्यांतही वेळेवर सापडू शकेल.